चिंचेपासनं एकोणचाळीस पावलं

बोरबन दफनभूमी, कोल्हापूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आक्कास,

ज्ञानूचा साष्टांग नमस्कार. हिकडं आम्ही सगळी धडधाकट हाय. तिकडची खुशाली कळवावी असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहितोय, घाई न्हाय. दाजींच्या गुडघ्याचं कसं काय? अरुणानं दिलेलं तेल लावत्यात का बाटली तशीच फळीवर हाय? तशीच असणार. ऊसतोडीची टोळी आली असंल, तुझ्या मागं धांदल असंल, आणि त्यात ह्याचं पत्र कशाला असं तुला वाटंल.

फोन असताना पत्र कशाला, हेबी वाटंल. गेल्या आठवड्यात तीनदा फोन लावला तुला. पहिल्यांदा म्हशीचं विचारलं. दुसऱ्यांदा कोडोलीत पाऊस झाला का विचारलं, नोव्हेंबरात. तिसऱ्यांदा तूच म्हणलीस, "ज्ञान्या, पिलायस काय?" पिलो नव्हतो. जे बोलायचं होतं ते तोंडातनं निघंना. तू रविवारी, सोळा तारखेला, बाळीची माती न्यायला येणार हायस. त्याच्या आत हे तुला मिळालं पाहिजे, म्हणून आज लिहून आजच पोस्टात टाकतोय. दहावीला मराठीत पस्तीस मिळालेला माणूस हाय मी, चुका काढत बसू नकोस.

आधी बरं तेवढं सांगतो. आपल्या बोरबनावर पुस्तक निघणार हाय. म्हणजे पुस्तिका, चाळीस पानांची. हितं भराव टाकून बाग करायचं वरनं ठरलं, आणि मग कुणाला तरी आठवलं की ही जागा सव्वाशे वर्सांची हाय. आदिती चौगुले म्हणून एक पोरगी पाठवली त्यांनी. जैनाची हाय, कॉलेजात इतिहास शिकवती. वही, टेप, मोबाईल घेऊन पंधरा दिवस झाले येती. चपला फाटकाबाहेर काढून आत येती. मी म्हणलं, बाई, बोरीचा काटा मोडंल, देऊळ न्हाय हे. ऐकत न्हाय.

तिला मी सगळं सांगितलं. प्लेगाच्या साली घाटावर लाकूड पुरंना आणि खांदा द्यायला माणूस मिळंना, तेव्हा गावाबाहेरचं हे बोरीचं रान दिलं. आपला खापरपणजा खड्डे काढायला चार दिवसांसाठी म्हणून आला आणि फाटकाजवळच्या ह्या दोन खोल्यांत कायमचा राहिला. पुढं मानमोडीचा ताप आला, तेव्हा एका खड्ड्यात चौघं चौघं. मग साधू आले, स्टेशनावरचे बेवारस आले, आपल्यासारखी पुरायची रीत असलेली घरं आली. आणि सगळ्या पेठांतली, सगळ्या जातींची तान्ही लेकरं. दात यायच्या आधी गेलेलं लेकरू जाळत न्हाईत, ते कुणाचंबी असो. शिवाजी पेठेतल्या बड्या घरातलंबी हितं आलं आणि पालातल्या बाईचंबी हितंच आलं. आदिती लिहिता लिहिता मधेच पेन ठेवायची. मग मी तिला चहा करून द्यायचो.

तिनं विचारलं, "काका, दगड नाही, पाटी नाही, मग लहान मुलांच्या जागा ओळखता कशा?"

तिला काय ठाऊक. लेकरावर दगड ठेवला की आईचं पुढचं पोर अडतं, म्हणून खूण ठेवायची न्हाय, ही हितली रीत. आईनं बरोबर यायचं न्हाय. बापानं आणून द्यायचं आणि मागं न बघता निघून जायचं. जागा राहती ती फक्त खड्डेवाल्याच्या पायात. चिंचेपासनं इतकी पावलं, मग विहिरीकडं तोंड करून इतकी. पणज्यानं आज्याला दिल्या, आज्यानं आबांना, आबांनी मला. मी सात वर्सांचा होतो तेव्हा आबा चिखलातनं पुढं चालायचे आणि म्हणायचे, "माझ्या पावलात पाऊल टाक. उडी मारायला लागली तर मार, पण त्यातच टाक." तू दारात बसून हसायचीस मला, बेडूक म्हणायचीस. सोळा-सतराचा झालो आणि उडी मारायला लागंना. आबांचं आणि माझं पाऊल एक झालं.

हे सगळं तिनं लिहून घेतलं. पुस्तिकेत माझा फोटो येणार हाय आणि खाली ओळ येणार हाय, "यांना इथली प्रत्येक जागा पाठ आहे." अरुणानं फोटोसाठी नवा सदरा काढून ठेवलाय.

बाळीची जागा मी तिला सांगितली न्हाय. चिंचेपासनं एकोणचाळीस, विहिरीकडं चौदा. तुलाबी पाठ हाय ते. सत्तावीस वर्सं झाली. पहिल्या बाळंतपणाला तू हितं आलीस, बाळी तीन महिन्यांची होऊन गेली, कोडोलीच्या घराचा उंबरा तिनं बघितला न्हाय. सव्वा महिन्यानं तू रीत मोडून आबांच्या पुढं उभी राहिलीस, मला जागा दाखवा म्हणून. आबा एवढे कडक, पण त्यांनी दाखवली. मग दर भाऊबीजेला मला ओवाळायचं आणि तिथं जाऊन बसायचं, हे तुझं ठरूनच गेलं. तिथं तरवडाचं झुडूप होतं, एक उंचवटा होता. आबा गेले तरी काही अडलं न्हाय. एकोणीस सालच्या महापुरात सगळ्यावर दीड हात गाळ बसला, झुडूप गेलं, उंचवटा गेला, आणि तू माझ्याकडं बघितलंस. मी पावलं टाकून जागा दाखवली.

गेल्या मंगळवारी आदिती म्हणली, "काका, तुमची पावलं टेपनं मोजू. नकाशा काढता येईल." प्लेगाच्या वेळचा तो एक लिहिलेला दगड हाय की चिंचेच्या रेषेत, तो कधी हलला न्हाय, पुरातबी न्हाय. चिंचेपासनं तिथवर आबांची बावन्न पावलं. मी चाललो. बावन्नला थांबलो तर दगड अजून पुढं, पाच पावलांवर. ती म्हणली, "परत चाला, मोजताना चुकलं असेल." परत चाललो. परत पाच.

माझा तेरा सालचा अपघात तुला ठाऊक हाय. मांडीत रॉड घातला तेव्हा डॉक्टर म्हणलेला, पाय जरा आखूड झालाय. हे मी कुणाला सांगितलं न्हाय, अरुणालाबी न्हाय. चपलेच्या आत कातड्याचा तुकडा शिवून घेतला आणि ताठ चालायला शिकलो. लंगडा खड्डेवाला म्हणतील ह्याची लाज. पण आक्का, पाय आखडला की पाऊल आखडतं, एवढी साधी अक्कल मला आली न्हाय. बावन्न म्हणजे बावन्न, एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीस, हेच डोक्यात. पूर येईपर्यंत चालून गेलं, कारण डोळ्यांना झुडपं ओळखीची होती. पुरानंतर नुसती पावलं राहिली, आणि ती आबांची न्हवतीच.

तर आक्का, तू जिथं बसतीस ती जागा बाळीची न्हाय. तू नऊ-दहा फूट अलीकडं बसतीस. सात भाऊबीजा झाल्या. तुझ्या त्या जागंखाली कोण हाय ते मला ठाऊक न्हाय.

आदितीनं हळूच विचारलं, "मग काका, बाकीच्या जागा?" मी तिच्या अंगावर ओरडलो. "तुला पुस्तिका लिहायची हाय का माझी झडती घ्यायची हाय?" बिचारी टेप गुंडाळून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, चपला बाहेर काढूनच.

हितवर वाचून तू म्हणशील, चूक झाली माणसाकडनं, आता खरी जागा दाखव. तुझा स्वभाव मला ठाऊक हाय, तू रागावणारबी न्हाईस. म्हणून पुढचं लिहायला लागतंय. मघाशी उठलो, फाटकापर्यंत जाऊन आलो, परत बसलो. मंगळवारी मला कळलं असं जे वर वाटतंय ते खोटं हाय. खोडत न्हाय, राहू दे. बाळी कुठं हाय हे मला साडेचार वर्सं ठाऊक हाय.

एकवीस सालचा मे महिना. सकाळी सुरू केलेलं खोरं अंधार पडल्यावर ठेवायचो. अरुणा भाकरी फाटकावर टांगून जायची, जवळ यायची न्हाय. अमरसिंह म्हणून पेठेतला एकजण, फुटबॉल खेळणारा दांडगा गडी, सोळा दिवसांचं लेकरू घेऊन एकटा आला. त्याची बायको निशिगंधा तेव्हा दवाखान्यात. मी आबांच्या हिशोबानं मोकळी पट्टी धरून पावलं टाकली आणि खड्डा घेतला. आबांचा दंडक होता, मोठ्याची जागा बारा वर्सांनी उघडायची, लेकराची कधीच न्हाय. गाळाच्या खाली आणखी हातभर गेलो आणि खोऱ्याला काळे मणी लागले. मण्यांत भोकाचा पैसा.

आपल्या आईनं ओवलेली मनगटी. भोकाचा पैसा तिनं तिच्या फणेरपेटीतला घातलता. नेताना आबा मनगटी काढायला लागले तेव्हा तू काढू दिली नव्हतीस. दुसरी तसली उभ्या कोल्हापुरात नसंल.

अमरसिंह दोन हातांवर उभा होता, लेकरू छातीशी धरून. म्हणला, "मामा, काय लागलं?" मी म्हणलं, "मूळ हाय." आणि त्याचं लेकरू बाळीच्या शेजारी ठेवलं. मीठ टाकलं, माती लोटली, कुत्र्यांसाठी वर बोरीच्या काट्या पसरल्या. फाटकाबाहेर आणखी दोघं थांबलेले. अंगात दुसरा खड्डा घ्यायची ताकद नव्हती असं मी स्वतःला सांगत आलोय. खोटं हाय ते. बुजवून पाच फुटांवर दुसरा घेता आला असता, अर्धा तास लागला असता. अमरसिंह विचारील का बुजवलं, आणि मग मला सांगायला लागंल की मला जागा ठाऊक न्हाईत. त्याला भ्यालो मी.

त्या साली भाऊबीजेला तू आलीस. लाल पंजाबी ड्रेस आणलातास शिवून, बाळी आता एवढी झाली असती म्हणून मापाबिपासकट. मी तुला कुठं नेलं? चुकीच्याच जागी. खऱ्या जागंवर अमरसिंहानं तुळस लावली होती, तिकडं नेलं असतं तर हे कुणाचं म्हणून तू विचारलं असतंस. एकदा गप बसलो म्हणून दुसऱ्यांदा बसायला लागलं, आणि मग ती सवयच झाली. गेल्या साली तू मातीवर गाल टेकून आडवी झालीस. म्हणलीस, "ज्ञान्या, हितं मला जरा बरं वाटतंय. कोडोलीत कुठंच असं वाटत न्हाय." बाळीच्या नंतर तुझी कूस उजवली न्हाय, सासूनं काय काय ऐकवलं, ते सगळं तू त्या मातीला सांगत होतीस. मी तुझ्यापासनं दहा फुटांवर उभा होतो, तुळशीशेजारी, चपला घालून.

ह्या भाऊबीजेला फाटकावरची नोटीस तूच मला वाचून दाखवलीस. वीस तारखेच्या आत ज्याला आपल्या माणसाची माती न्यायची त्यानं न्यावी. तुझा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडं बघायला लागलो. तांब्याचा गडू आणते म्हणलीस, मळ्यात विहिरीकाठी ठेवते तिला, वर जाई लावते. दाजींनी जागा साफबी करून ठेवली असं परवा फोनवर सांगितलंस.

आता कालचं.

काल सकाळी अमरसिंह आणि निशिगंधा आली. नवं मडकं होतं, तोंडाला बांधायला पांढरं फडकं. निशिगंधाला मी पहिल्यांदाच एवढ्या जवळनं बघितलं, किरकोळ पोरगी हाय. म्हणली, "मामा, मागं काही ठेवू नका. सगळं द्या." मी खोरं लावलं न्हाय, हातानं उकरलं. आक्का, तोंड उघडलंतं मी. सांगणार होतो. पण तिच्याकडं बघून काय सांगू, की बाई, ह्यातलं अर्धं दुसरीचं हाय आणि कुठलं अर्धं ते देवालाबी सांगता यायचं न्हाय? एवढ्याशा जिवाचं राहतंय तरी काय. काळी माती आणि काडीएवढी दोन-चार हाडं. सगळं मडक्यात भरलं.

भोकाचा पैसा वर आला तो तिनंच उचलला. "हे आमचं न्हाय, मामा." मी हात पुढं केला. अमरसिंह म्हणला, "असू दे गं. एवढी वर्सं बाळाजवळ होतं." तिनं तो पदराला पुसून मडक्यात टाकला. माझा हात तसाच पुढं राहिला. तिला वाटलं मी हात धुवायला पाणी मागतोय. तिनं बाटलीतलं पाणी माझ्या हातावर घातलं.

मडकं मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. दुपारी अमरसिंहाचा फोन आला, मडकं वाडीच्या संगमावर नदीत सोडलं म्हणून. म्हणला, "मामा, तुमच्यामुळं झालं सगळं नीट."

एवढ्यावरबी माझं ठरलं होतं ते तुला सांगतो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. रविवारी तुला नेहमीच्या जागी न्यायचं आणि तिथली माती गडूत भरून द्यायची. तुला जन्मात कळलं नसतं. अरुणाला काल हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणली, "तसंच करा. आक्कांना तेवढंच हाय, तेबी कशाला काढून घेताय?" ती चुकीचं बोलली असं मला वाटत न्हाय. काल दुपारनंतर मी त्या जागी गेलो, गाळाखालची माती काढली आणि चाळायला बसलो, खडे नकोत म्हणून. चाळणीत दात आला. मोठ्या माणसाचा, किडलेला.

तू ती माती पोटाशी धरून एस.टी.त बसली असतीस. जाई लावली असतीस. मला तेवढं झेपलं न्हाय, आक्का. बाकी सगळं झेपलं होतं.

हितं रोज दोन-तीन घरची माणसं येत्यात. मामा, आमची जागा दाखवा. मी आता काही पावलं जास्त टाकतो आणि थांबतो. बरोबर येतंय का न्हाय, मला ठाऊक न्हाय. ती वाकून माती भरून घेत्यात आणि जाताना माझ्या पाया पडत्यात. मी पाय मागं घेतो तर त्यांना वाटतं मामा साधा माणूस हाय. आदितीला उद्या सगळं सांगणार हाय. तिनं पुस्तिकेत काय लिहायचं ते लिहावं. पण पुस्तिका वाचून कुणाचं लेकरू सापडणार हाय?

माफ कर असं लिहीत न्हाय. माफी मागायची वेळ भाऊबीजेची होती. त्या दिवशी तू फाटकात उभी राहून नोटीस वाचत होतीस तेव्हा बाळी हितं होती, तुझ्यापासनं हाकेच्या अंतरावर. तेव्हा सांगितलं असतं तर तू आणि ती निशिगंधा, दोघी आया, शेजारी बसला असता. भांडला असता, रडला असता, निम्मं निम्मं घेतलं असतं, काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवलं असतं. सतरा दिवस होते, आक्का. सतरा दिवस ती हितंच होती आणि मी रोज तिच्यावरनं चालत होतो.

आता तू येऊ नकोस. न्यायला कुणी न्हाय.

ज्ञानू